जुनी सीडी कोण घेणार?

"तुझी पीएचडी नेमकी कशावर आहे गं?" या प्रश्नाला हल्ली मी एका वाक्यात उत्तर देते: दोन दुकानं एक झाली की गिऱ्हाइकाचं काय होतं, यावर. समोरचा लगेच म्हणतो, "भाव वाढतात, अजून काय होणार?" आणि विषय संपतो. कायद्याने आणि अर्थशास्त्राने विलीनीकरणाकडे बघायची जी पद्धत गेल्या काही दशकांत बसवली, तिचाही मुख्य प्रश्न तोच आहे. भाव वाढतील का? वाढणार नसतील तर होऊ द्या.

आज एक छोटं उदाहरण घेऊ, ज्यात हा प्रश्न विचारला गेला, बऱ्यापैकी नीट विचारला गेला, उत्तरही वाजवी मिळालं, आणि तरी मला वाटतं की काहीतरी मोजायचं राहून गेलं. उदाहरण व्हिडिओ गेमच्या दुकानांचं आहे. हसू नका. गेमचं दुकान ही गोष्ट बाजाराच्या अभ्यासासाठी फार सोयीची आहे, कारण तिथे एकच माणूस सकाळी गिऱ्हाईक असतो आणि महिन्याभराने त्याच काउंटरवर विक्रेता म्हणून उभा असतो.

नौपाड्यात वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नव्वदच्या दशकातला तो चायनीज टीव्ही गेम आठवा. त्यात घालायच्या पिवळ्या किंवा काळ्या कॅसेटवर '९९९९ इन १' असं लिहिलेलं असायचं आणि आत मोजून दहा-पंधरा गेम निघायचे. नवी कॅसेट घ्यायला घरून पैसे मिळायचे ते वाढदिवसाला किंवा दिवाळीला. मधल्या काळात चालायचं ते 'बदलून घेणं'. आपली जुनी कॅसेट द्यायची, वर थोडे पैसे ठेवायचे, दुसरी घेऊन जायची. शाळेची जुनी पुस्तकं अर्ध्या किमतीत देण्या-घेण्यासारखाच हा व्यवहार. त्याला आम्ही कधी 'बाजार' म्हटलं नाही, पण तो बाजारच होता आणि महागडी वस्तू आमच्या घरांत पोचायची ती त्याच्याच जिवावर.

पुढे प्लेस्टेशन आलं, कॅसेटची सीडी झाली (डिस्क म्हणा हवं तर, पण दुकानात आजही 'सीडी'च म्हणतात), आणि किमती वाढल्या. पीएस फोरच्या काळात मोठ्या कंपनीचा नवा गेम ३,९९९ रुपयांना मिळायचा, पीएस फाइव्ह आल्यावर ४,९९९ ची पाटी लागली. एवढे पैसे एका गेमला कोण देणार? देणारे देत होते, कारण ते डोक्यात वेगळा हिशेब करत होते. समजा ३,९९९ ला घेतलेला गेम तीन आठवड्यांत संपवला आणि २,२०० ला परत दिला. मग गेम पडला १,७९९ ला. आता समजा परत घेणारं दुकान २,२०० ऐवजी १,२०० च द्यायला लागलं. गेम पडला २,७९९ ला. तुमच्यासाठी तो हजार रुपयांनी महागला, पण नव्या गेमच्या डब्यावरची किंमत एका पैशानेही हललेली नाही.

आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पण मुद्दा हाच आहे. डब्यावरची किंमत बघणाऱ्या माणसाला ही महागाई दिसतच नाही.

आता दुकानदाराच्या बाजूने बघू, आणि त्यासाठी अमेरिकेत जाऊ, कारण जुन्या गेमचा धंदा साखळी दुकानांच्या पातळीवर नेला तो तिथे. तिथल्या विलीनीकरणांची वंशावळ एखाद्या सरदार घराण्यासारखी आहे. बॅबेजेस आणि सॉफ्टवेअर एटसेटेरा या दोन साखळ्या १९९४ मध्ये एक होऊन निओस्टार झाली, ती १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली. उरलेला भाग पुढे बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या दुकानवाल्यांकडे आला. त्यांनी २००० मध्ये फंकोलँड ही साखळी घेतली. फंकोलँडचं वैशिष्ट्य जुने गेम. त्यांच्याकडे जुन्या गेमच्या दरांच्या छापील याद्या मिळायच्या, भाजीच्या बाजारभावासारख्या. या सगळ्यातून गेमस्टॉप उभी राहिली, आणि २००५ मध्ये तिने आपली सर्वांत मोठी प्रतिस्पर्धी, ईबी गेम्स, १.४४ अब्ज डॉलरला विकत घेतली. अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक मॉलमध्ये गेमचं खास दुकान म्हणजे आता एकाच मालकाचं दुकान झालं.

नंतरच्या वर्षांतले गेमस्टॉपचे वार्षिक अहवाल उघडून बघितले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. नव्या गेमवर कंपनीला सुटणारा ढोबळ नफा विक्रीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा, आणि जुन्या गेमवर जवळपास निम्मा. म्हणजे जुना गेम शंभर रुपयांना विकला तर त्यातले पंचेचाळीसच्या वर दुकानाचे. नवा गेम ही शोकेसमधली मिठाई, पोट भरत होतं ते जुन्यावर. आणि जुन्यावरचा नफा ठरतो दोन टोकांनी: तुम्हाला किती दिले आणि पुढच्याकडून किती घेतले. दुसऱ्या टोकाला नव्या गेमच्या किमतीचा लगाम आहे, कारण जुना गेम नव्यापेक्षा महाग कोण घेईल? पहिल्या टोकाला लगाम एकच, तो म्हणजे शेजारचं दुकान जास्त देईल ही भीती. गावात दूध घेणाऱ्या दोन डेअऱ्या असल्या की शेतकऱ्याला भाव मिळतो, एकच उरली की ती म्हणेल तो भाव. तसंच हे.

आता मूळ गोष्टीकडे, ब्रिटनकडे.

ब्रिटनमध्ये 'गेम' नावाचीच साखळी होती. (तिचाही इतिहास मजेशीर आहे. इलेक्ट्रॉनिक्स बुटीक या कंपनीने १९९९ मध्ये 'गेम' विकत घेतली आणि पुढे स्वतःच ते नाव लावून घेतलं. सून घरात आली आणि सासरच्यांनी आडनाव बदललं!) तिची मुख्य प्रतिस्पर्धी गेमस्टेशन, मालक ब्लॉकबस्टर. दोन्हींचा स्वभाव वेगळा. 'गेम'ची दुकानं चकचकीत, आयांना मुलांबरोबर जायला सोयीची. गेमस्टेशनची जरा अंधारी, जुन्या कन्सोलच्या कॅसेटसुद्धा ठेवणारी, पट्टीच्या खेळाडूंची. मे २००७ मध्ये 'गेम'ने गेमस्टेशन ७४ दशलक्ष पौंडांना विकत घेतली.

तिकडे विलीनीकरणाची पूर्वसूचना देणं सक्तीचं नाही. व्यवहार होऊन जातो आणि सरकारी यंत्रणेला शंका आली तर ती नंतर चौकशी लावते. तसंच झालं. ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने ऑगस्टमध्ये प्रकरण कॉम्पिटिशन कमिशनकडे पाठवलं. देशातली गेमची दोन सर्वांत मोठी खास दुकानं एक होत होती, त्यामुळे शंका रास्तच होती.

अशा चौकशीत पहिला प्रश्न भावाचा नसतोच. पहिला प्रश्न असतो: बाजार कुठला? माझ्या अभ्यासातला हा सगळ्यांत रटाळ वाटणारा आणि सगळ्यांत निर्णायक भाग. 'गेमची खास दुकानं' एवढाच बाजार धरला, तर या दोघांकडे तो जवळजवळ सगळा. पण 'गेम विकणारा कुणीही' असा बाजार धरला, तर त्यात टेस्को आणि आझ्डासारखी सुपरमार्केटं आली, वूलवर्थ्स आली, एचएमव्ही आली, ॲमेझॉनसारखे ऑनलाइन विक्रेते आले. ठाण्यातच बघा ना. मिठाईचा बाजार म्हणजे फक्त मिठाईची दुकानं, की किराणावाल्याकडचा पेढ्यांचा बॉक्सही त्यात धरायचा? उत्तरावर सगळं ठरतं.

कमिशनने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला: स्पर्धा लक्षणीयरीत्या कमी होईल असं दिसत नाही, व्यवहार राहू द्या. बाकीचे एवढे विक्रेते असताना हे दोघे मिळून मनाला येईल तसे भाव लावू शकणार नाहीत, असा त्यामागचा विचार. नव्या गेमपुरतं मला हे पटतं. सुपरमार्केटं तर नवा गेम गर्दी खेचायला तोट्यातही विकत होती. चौकशीत जुन्या गेमचा विचार झालाच नाही असंही नाही. कोऱ्या गेमला तिथे 'मिंट' म्हणतात आणि वापरलेल्याला 'प्री-ओन्ड', आणि चौकशी दोन्हींची होती.

पण तुम्ही मघाचा हिशेब आठवा. टेस्को तुम्हाला नवा गेम स्वस्तात देईल. तुमचा जुना घेईल का? त्या काळातल्या यादीतली बहुतेक नावं विकणारी होती, घेणारी नव्हती. सेक्ससारखी जुन्या वस्तूंची साखळी होती (स्पेलिंगमुळे नाव असं वाचलं जातं, आपण सीईएक्स म्हणू), आणि ईबे होतं. बाकी, विक्रेत्यांच्या बाजारात डझनभर मंडळी आणि खरेदीदारांच्या बाजारात मोजकीच, आणि त्यातली दोन आता एक. म्हणजे एकाच काउंटरवर दोन बाजार होते. एकात गर्दी होती, दुसऱ्यात नव्हती. गर्दी असलेल्या बाजाराकडे बघून दिलेला निर्वाळा दुसऱ्यालाही पुरेल असं धरलं गेलं, असा माझा आक्षेप आहे. माझे मार्गदर्शक याच्याशी पूर्ण सहमत नाहीत, तेही सांगून ठेवते. त्यांच्या मते जुन्या गेमचा भाव नव्याला बांधलेला असतो, त्यामुळे नव्यात स्पर्धा असली की जुन्यालाही संरक्षण मिळतं. मी म्हणते, विकताना मिळतं, घेताना नाही.

इथे अंतराचा प्रश्नही येतो, आणि तो समजायला नौपाड्याइतकी चांगली जागा नाही. नवा गेम घ्यायचा तर गोखले रोडवर मिळेल तिथे घ्या, नाहीतर घरी मागवा, नाहीतर रविवारी फास्ट लोकल पकडून सीएसटीला उतरून मनीष मार्केटपर्यंत चालत जा. चार हजारांच्या वस्तूत पाचशे वाचत असतील तर माणूस जातो. पण हातातली जुनी सीडी हजाराऐवजी बाराशेला जाईल म्हणून कोण ठाणे ते सीएसटी ३४ किलोमीटर जाईल आणि परत येईल? दोनशे रुपयांसाठी अर्धा दिवस. घेताना आपला बाजार अख्ख्या मुंबईएवढा असतो, विकताना तो राम मारुती रोडच्या पलीकडे जात नाही. बाजाराची भौगोलिक हद्द ठरवताना 'गिऱ्हाईक किती लांब जाईल' असं विचारतात. कशासाठी जाईल, हेही विचारायला हवं.

पुढे काय झालं ते बघा. कमिशनच्या निकालाला वर्षही झालं नव्हतं आणि वूलवर्थ्स बुडाली. तिची शेवटची दुकानं जानेवारी २००९ मध्ये बंद झाली. एचएमव्ही २०१३ मध्ये प्रशासकांच्या ताब्यात गेली. ज्यांच्या भरवशावर निर्वाळा दिला होता, त्यांतले काही असे गळाले. आणि 'गेम'? ती मक्तेदार होऊन गब्बर झाली असती तर माझा प्रबंध सोपा झाला असता. पण २६ मार्च २०१२ ला तीच प्रशासकांच्या हाती गेली. त्याच दिवशी २७७ दुकानांना टाळं लागलं, दोन हजारांवर माणसं घरी बसली. त्याआधी काही आठवडे मोठे प्रकाशक तिला नवे गेम उधारीवर द्यायलाच तयार नव्हते. 'मास इफेक्ट ३' सारखा गाजलेला गेम देशातल्या सर्वांत मोठ्या गेमच्या दुकानात नव्हता!

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट झाली, बातम्यांत ती खालच्या ओळींत होती. दुकानांनी जुने गेम घेणं थांबवलं, आणि लोकांकडची गिफ्ट कार्डं आणि जमवलेले पॉइंट्सही स्वीकारणं बंद केलं. म्हणजे ज्याने आपला गेम देऊन रोख न घेता दुकानातली पत घेतली होती, तो एका रात्रीत दुकानाचा धनको झाला, आणि तोही रांगेत शेवटचा. दोन वेगळ्या साखळ्या असत्या तर एक बुडताना दुसरीचं कार्ड तरी चाललं असतं. नवे मालक आल्यावर उरलेली ३३३ दुकानं चालू राहिली, गेमस्टेशन हे नाव मात्र त्याच वर्षी पुसलं गेलं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं विलीनीकरणाने थोडंच झालं, इंटरनेटने झालं. बरोबर आहे, आणि मी ते नाकारत नाही. डाउनलोड करून घेतलेला गेम परत विकताच येत नाही, त्यामुळे त्यात जुन्याचा बाजार मुळात नाही. पण एक लक्षात घ्या, प्रकाशकांना जुन्याचा बाजार आधीपासूनच खुपत होता, कारण त्यातला पैसा त्यांना मिळत नसे. ईएने २०१० मध्ये नव्या डब्यात एकदाच चालणारा 'ऑनलाइन पास' द्यायला सुरुवात केली. जुना गेम घेणाऱ्याने तो वेगळे पैसे भरून घ्यायचा. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्सवर जुन्या गेमवर बंधनं आणायचं जाहीर केलं, तेव्हा इतका आरडाओरडा झाला की जूनमध्येच माघार घ्यावी लागली. ईएनेही त्याच वर्षी पास बंद केला. खेळणाऱ्यांना आपली परत विकण्याची मुभा किती मोलाची वाटते, याचा एवढा ढळढळीत पुरावा बाजाराच्या इतिहासात सहसा मिळत नाही.

आपल्याकडे काय? भारतात गेमच्या दुकानांच्या साखळ्या उशिरा आल्या आणि फार पसरल्या नाहीत. दशकभरापूर्वी या धंद्यात गेम४यू आणि गेम्स द शॉप ही दोन नावं ठळक होती. आज पहिलं बाजारात दिसत नाही, दुसरं दिसतं. या आकाराची दुकानं एक होवोत, विकली जावोत की मिटोत, आपल्याकडे त्याचा कागद कुणाच्या टेबलावर जातच नाही. स्पर्धा कायदा २००२ चा, पण विलीनीकरणाची कलमं लागू झाली १ जून २०११ पासून, आणि तीही ठरावीक आकाराच्या वरच्या व्यवहारांना. विकल्या जाणाऱ्या कंपनीची मालमत्ता किंवा उलाढाल अमुक कोटींच्या आत असेल तर भारतीय स्पर्धा आयोगाला कळवायची गरज नाही. २०२४ पासून हे आकडे ४५० कोटी मालमत्ता किंवा १,२५० कोटी उलाढाल असे आहेत. गेमची दुकानं तिथवर कशाला पोचतील?

गेमची दुकानं सोडा, पीव्हीआर आणि आयनॉक्स पोचले नाहीत. मार्च २०२२ मध्ये देशातल्या दोन सर्वांत मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांनी विलीनीकरण जाहीर केलं. कोविडमध्ये थिएटरं बंद, उलाढाल आपटलेली, त्यामुळे व्यवहार तेव्हाच्या सवलतीत बसला. एका ग्राहक संघटनेने आयोगाकडे तक्रार केली, ती सप्टेंबर २०२२ मध्ये फेटाळली गेली. पुढे स्पर्धा बाधित होईल ही नुसती भीती चौकशीला पुरत नाही, असं आयोगाचं म्हणणं. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. कोरम मॉलच्या आयनॉक्सला जाणाऱ्या ठाणेकराला यात आपलं मत विचारलं गेलं असं काही आठवणार नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

आणि समजा आयोगाने गेमच्या दुकानांचं प्रकरण घेतलंच असतं, तरी एक अडचण कायद्याच्या व्याख्येतच आहे. कलम २(फ) म्हणतं, ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू 'विकत घेणारी' किंवा सेवा घेणारी व्यक्ती. काउंटरवर सीडी परत द्यायला आलेला पोरगा त्या क्षणी ग्राहक नाही, तो पुरवठादार आहे! कलम ४ मध्ये, म्हणजे वर्चस्वाच्या गैरवापराच्या कलमात, 'खरेदी किंवा विक्री'तली अन्याय्य किंमत असा उल्लेख आहे, त्यामुळे दार अगदी बंद नाही. पण ते दार कंपनी वर्चस्व गाजवायला लागल्यावर उघडतं. विलीनीकरणाच्या टप्प्यावर त्याचा उपयोग नाही. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण या एका व्याख्येभोवती फिरतं आहे, आणि गेल्या दोन महिन्यांत ते तीनदा नव्याने लिहून झालंय.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या 'गेम'ने दुकानांत जुने गेम घेणं कायमचं थांबवलं. सीईएक्स अजून घेते.

इतिहास लिहायचा तर कागद लागतात, आणि या धंद्याचे कागद कुणी ठेवत नाही. डब्यावरच्या किमती जाहिरातींत सापडतात. जुन्याला काय भाव मिळत होता, हे कुठेच सापडत नाही. तो दुकानदाराच्या तोंडी असायचा, फार तर एक्स्चेंजच्या पावतीवर. तुमच्यापैकी कुणी ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत गेम बदलून घेतले असतील आणि एखादी पावती, दुकानाची दरांची यादी, जुन्या सीडीच्या डब्यावर चिकटलेलं किमतीचं स्टिकर घरात कुठे पडलं असेल, तर कमेंटमध्ये कळवा. तारीख दिसत असेल तर उत्तमच. नसेल, तर त्या वर्षी तुम्ही कितवीत होता एवढं आठवलं तरी चालेल.